पायाला चिखल होता का?

बाई, काल रविवार होता. साडेचारला मी तुमच्या दाराशी उभा राहिलो आणि तीनदा बेल वाजवली. एकदा वाजली तर पाहुणा, दोनदा वाजली तर कुरिअरवाला, तीनदा वाजली तर विद्यार्थी, हा तुमचाच नियम. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी दार किलकिलं केलं. मला ओळखून त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, बाई गेल्या ना."

"हो, माहितेय. खांदा दिलाय मी."

"मग?"

  काकूंनी दार लावलं आणि मी तुमच्या जिन्याच्या पायरीवर बसलो, चपलांच्या रॅकशेजारी. रॅकवर तुमच्या निळ्या पट्ट्यांच्या चपला अजून होत्या. शुभदाताई सगळं आवरून गेल्या, पण चपला बाहेर राहिल्या. भाची झाली तरी तिला कसं ठाऊक असणार, की तुम्ही त्या घालून फक्त माळ्यावरची पुस्तकं काढायला स्टुलावर चढायचात.

मी तुम्हाला एक गोष्ट सांगायला आलो होतो. नऊ वर्षं उशीर झाला होता, त्यावर आणखी तीन आठवडे.

तुम्ही म्हणायचात, "विलासराव, तुम्ही बोलताना समोरच्याचं तोंड बघता आणि गोष्ट बदलता. एकदा कुणी समोर नसताना लिहून बघा." मी हसण्यावारी न्यायचो. ज्याचा जन्म लग्नाच्या स्वागत समारंभात माईक धरण्यात गेला, त्याला समोर कुणी नसताना काय सुचणार? आता समोर कुणी नाही. म्हणून लिहितोय.

पहिल्यांदा आलो तेव्हा माझ्या अंगात जरीचं जाकीट होतं, आठवतं? सकाळी एका लग्नात निवेदन केलं होतं, तिथून थेट तुमच्याकडे. आठवडाभर नासिकला अंबडच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचं, नटबोल्ट मोजून द्यायचे, आणि सुट्टीच्या दिवशी वधूवरांवर शब्दांची फुलं उधळायची, असा माझा दुहेरी संसार. चाळिशी उलटल्यावर हौस आली की बहिःस्थ म्हणून मराठीत एम. ए. करावं, नावापुढे दोन अक्षरं लागावीत, निमंत्रणपत्रिकेवर बरी दिसतात. कुणी तरी सांगितलं, गंगापूर रोडला एक निवृत्त प्राध्यापिका रविवारी शिकवतात, काही घेत नाहीत, फक्त फार बोलू देत नाहीत. पहिली अट मला आवडली. दुसरी मला वाटलं आपण वळवू.

तुम्ही मला नखशिखान्त पाहिलंत आणि विचारलंत, "मिरवणूक खाली थांबली आहे का?"

सगळे हसले. त्यांच्यात सगळ्यात मोठ्यांदा हसली ती मंगल.

तुमच्या वर्गाची ती रीत मी नंतर किती ठिकाणी रंगवून सांगितली. टेबलावरच्या प्रत्येक पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर. आतलं नावाचं पानही चिकटवून टाकलेलं. काय वाचतोय, कुणी लिहिलंय, कुठल्या देशातलं, हजार वर्षांपूर्वीचं की दोन हजार, काही सांगायचं नाही. नाव शेवटी. मार्चच्या शेवटच्या रविवारी तुम्ही एकेक कव्हर उतरवायचात आणि मग शिरा. मी विचारलं होतं, "बाई, एवढं लपवायचं कशाला? थोर लेखकांची लाज वाटते का?"

"नाव कळलं की तुम्ही हात जोडता," तुम्ही म्हणालात. "हात जोडलेल्या माणसाला पान उलटता येत नाही."

आणि खरंच, बाई, नावं नसल्यामुळे आम्ही किती निर्लज्जपणे वाचलं. एका महान नाटकातल्या नायकाला मी 'हा आमच्या युनियन लीडरसारखा आहे, भाषण मोठं आणि संपाच्या दिवशी गायब' असं म्हणालो आणि तुम्ही मान डोलावून "पुढे?" म्हणालात. मार्चमध्ये कव्हर उतरलं तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले. ते नाव आधी ठाऊक असतं तर मी त्या नायकाबद्दल तेच बोललो असतो जे सगळे गाइडमध्ये लिहितात. जुनं वाङ्मय म्हणजे उदात्त विचारांचं गोदाम, अशी माझी समजूत होती. तुमच्याकडे कळलं, त्यात गैरसमज आहेत, उशिरा पोचलेले निरोप आहेत, अभिमानापायी न उचललेलं एक पाऊल आहे. आमच्या स्टोअरमध्ये आहे तेच सगळं, फक्त तिथली माणसं शुद्ध बोलतात.

"अभिजात म्हणजे काय हो बाई, एका वाक्यात?" मी परीक्षेसाठी विचारलं होतं.

"ज्याला घाई नाही ते. तुम्ही विशीत या, साठीत या, ते बसलेलं असतं."

मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. पेपरात खपवलंही. ते तुम्ही स्वतःबद्दलही सांगत होतात, हे कळायला मला गेल्या गुरुवारपर्यंत वेळ लागला.

आठ जण होतो आम्ही. दिवाळीपर्यंत तिघं उरलो, नंतर तो तिसराही बँकेच्या बदलीवर गेला. राहिलो मी आणि मंगल. कळवणजवळच्या खेड्यातली मुलगी, पहाटेची एसटी पकडून यायची, डब्यात भाकरी आणि पुस्तकाच्या समासात इतकं बारीक अक्षर की मुंगीला चष्मा लागावा. तिला ज्युनिअर कॉलेजात शिकवायचं होतं. त्यासाठी एम. ए. हवं होतं. मला पत्रिकेसाठी हवं होतं, तिला जगण्यासाठी. तुमचा जीव तिच्यावर होता आणि मला ते मान्य होतं. म्हणजे, मान्य आहे असं मी समजत होतो.

त्या जानेवारीत आपण ते द्वारपालाचं नाटक वाचलं. त्याचं नाव मी इथेही लिहीत नाही, तुमची रीत. म्हाताऱ्या राजानं रागाच्या भरात मुलाला हाकलून दिलंय. आता तो अंथरुणाला खिळलाय, डोळे गेलेत, आणि रोज संध्याकाळी द्वारपालाला विचारतो, "आला का?" द्वारपाल रोज म्हणतो, "नाही महाराज." आणि एका संध्याकाळी तो म्हणतो, "आला." मुलगा आलेला नाही. राजा विचारतो, "पायाला चिखल आहे का?" द्वारपाल म्हणतो, "आहे महाराज." "मग लांबून आला," म्हणून राजा भिंतीकडे कूस बदलतो. पुढची पानं हरवलेली. दोन हजार वर्षांत कुणाला सापडली नाहीत.

त्या एका पानावर आपण तिघं किती रविवार भांडलो. मी म्हणायचो, द्वारपाल दयाळू आहे, मरणाऱ्या माणसाला त्यानं एक सुखाचा घास दिला. मंगल म्हणायची, राजाला सगळं कळलंय, तो चिखलाचं विचारतो ते द्वारपालाचं खोटं नीट पुरं व्हावं म्हणून. आणि तुम्ही म्हणायचात, "विलासराव, तो घाबरलाय."

"राजाला? आंधळ्या, मरायला टेकलेल्या?"

"ते तुम्ही शोधा. आणि त्याला त्या नाटकात नाव नाही. सगळ्यांना आहे, त्याला नाही. नाव द्या त्याला. स्वाध्याय समजा."

मंगलनं दुसऱ्याच रविवारी काही तरी छान नाव आणलं. मी म्हणालो, "बंडू ठेवा." तुम्ही हसला नाहीत.

आता परीक्षेचा दिवस. हे तुम्हाला सांगायचं होतं.

केंद्राच्या गेटवर मंगल भेटली.  म्हणाली, "विलासदादा, आवडत्या अभिजात कलाकृतीवर प्रश्न आला तर मी द्वारपालावर लिहिणार. पण नाव कधी लिहायचं? सुरुवातीला का शेवटी?" खरोखर विचारत होती, बाई. तुमच्या वर्गात दोन वर्षं काढलेल्या मुलीलाच असा प्रश्न पडू शकतो.

आजूबाजूला चारपाच परीक्षार्थी उभे होते. मला श्रोते दिसले की माझं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "मंगल, तू कुणाची विद्यार्थिनी? नाव लिहायचंच नाही. वाचणाऱ्यानं ओळखायचं. ओळखलं नाही तर तो नापास." सगळे हसले. ती नाही हसली. तिनं होकारार्थी मान हलवली, ते मी पाहिलं. घंटा वाजली. एका वाक्याचं काम होतं, 'अगं वेडे, गंमत केली.' मी म्हणालो नाही. जिना चढताना माझ्या मनात आलं की बघू या काय होतं.

मी मात्र नावं लिहिली, बाई. नाटकाचं, नाटककाराचं, काळाचं. पट्टी लावून अधोरेखित केली.

तिच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स तिनं मागवून तुमच्याकडे पाठवली होती, ती मी पाहिली. समासात लाल पेनानं एवढंच लिहिलेलं होतं, 'कोणते नाटक?' आणि शून्य. तपासणाऱ्याचं तरी काय चुकलं? त्या पेपरात ती नापास झाली. मी पास झालो, सेकंड क्लास. पेढे घेऊन तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही पेढा हातात धरून बसलात आणि विचारलंत, "मंगलनं असं का केलं असेल हो?"

मी म्हणालो, "भोळी आहे, बाई."

तुम्ही पेढा बशीत ठेवलात. मंगल त्यानंतर आली नाही. फोन केला तर उचलायची नाही. मी म्हणायचो, शेतीची कामं असतील.

मग नऊ वर्षं मी आणि तुम्ही. एका विद्यार्थ्याचा वर्ग. मी सिडकोतल्या माझ्या दोन खोल्यांतून निघायचो, येताना रस्त्यात पुढच्या वाक्याची तालीम करायचो, आणि तुम्ही दार उघडून म्हणायचात, "या, आजचा प्रयोग काय?" तुम्हाला वाटत असेल मी तुमच्या एकटेपणापायी येत होतो. कॉलनीत तसंच बोलायचे, 'त्या बाईंना कुणी नाही, तो येतो बिचारा.' खरं सांगू? हजार माणसांसमोर बोलून आल्यावर घरी कुलूप काढताना जो आवाज येतो, तो टाळायला मी येत होतो. तुमच्या दाराला आतून कडी असायची. कुणीतरी ती काढायचं.

पुस्तकं बदलायची, पण दर जानेवारीत तुम्ही द्वारपालाचं नाटक काढायचात. मी म्हणायचो, "बाई, परत? पाठ झालं आता." तुम्ही म्हणायचात, "तुमचा स्वाध्याय राहिलाय." मला वाटायचं, वयाप्रमाणे आवडतं पुस्तक पुन्हा पुन्हा काढतात. मी दर वर्षी नवी गंमत आणायचो. द्वारपालाच्या पगाराची, त्याच्या ओव्हरटाइमची, त्याच्या बायकोची. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि शेवटी तेच. "तो घाबरलाय, विलासराव." आणि माझ्याकडे बघत राहायचात. आपल्या दोघांत चहा निवायचा.

डिसेंबरात तुम्ही पडलात. शुभदाताई येऊन राहिल्या. त्या शेवटच्या रविवारी त्या औषधं आणायला गेल्या होत्या आणि मी तुमच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसलो होतो. तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, "मंगल आली होती का हो?"

बाई, मी तालीम केली नव्हती. तोंडातून आलं, "आली होती. सकाळी. तुमचा डोळा लागला होता."

 मग अगदी स्वच्छ आवाजात, वर्गात विचारायचात तसं, विचारलंत, "पायाला चिखल होता का?"

आणि मी म्हणालो, "होता, बाई."

"मग लांबून आली." तुम्ही कूस बदललीत.

मी बाहेर पडलो तो खुशीत. काय प्रवेश झाला होता. कोपऱ्यावर चहा घेताना मी तो टपरीवाल्याला साभिनय सांगितला आणि तो कप विसळायचा थांबला. मग मी स्कूटर काढली, आणि सिग्नलला उभा असताना माझ्या लक्षात आलं की त्या खोलीत संवाद पाठ असलेले आपण दोघं होतो. तुम्ही मला पात्र वाटून दिलं होतं आणि मी ते बिनचूक केलं होतं.

हिरवा लागला तरी मी हललो नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवले. मला परत वळता आलं असतं. तुम्ही जाग्या होतात. बुधवारपर्यंत जाग्या होतात. सोमवारी मला काम होतं, मंगळवारी मी कामं शोधली.

गेल्या गुरुवारी मी कळवणला गेलो. एसटीत बसून दोन तास भाषण रचलं, सुरुवात, मध्य, कंठ दाटून येण्याची जागा. गावात विचारत विचारत शेतावर पोचलो. कांद्याची लागवड चालू होती, वाफ्यांत पाणी सोडलेलं, आणि मी शहरी बूट घालून बांध सोडून सरळ मधून चाललो. दुरून एक म्हातारी ओरडली, "कोन शे वं मंगल?"

"नासिकचे दादा आहेत, आई. येऊ दे."

तिचे केस थोडे पांढरे झालेत, बाई. खोपटाच्या पडवीत एक फळा होता, दोन सतरंज्या. संध्याकाळी गावातल्या मुलींना शिकवते. फळ्याखाली पुस्तकांची चळत होती आणि सगळ्यांना वर्तमानपत्राची कव्हरं.

मी घसा साफ केला. "मंगल, आयुष्यात काही क्षण असे असतात..."

"दादा, नाटक नका करू. शुभदाताईंचा फोन आला होता मला. बाई गेल्या ते माहितेय."

मग माझ्याकडे भाषणातलं काहीच उरलं नाही. मी म्हणालो, "त्या दिवशी गेटवर मी तुला..."

"मी तिथंच होते ना," ती म्हणाली. "मला काय सांगता?"

"बाईंना मी कधीच सांगितलं नाही."

"मी सांगितलं होतं. निकाल लागला त्याच आठवड्यात दोन पानं लिहून पाठवली. लय शिव्या घातल्या तुम्हाला. त्यांनाही घातल्या."

 तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला. मी विचारलं, "काय म्हणाल्या बाई?"

"कार्ड आलं. चूक नाव लपवायची सवय लावणाऱ्या बाईची, असं लिहिलं होतं. माफी मागितली. आणि खाली लिहिलं होतं, विलासरावांना तू काही बोलू नकोस, ते आपण होऊन मला सांगतील."

बाहेर पाण्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, "मग तू का नाही आलीस गं? त्या वाट बघत होत्या."

"माहितेय. दर रविवारी वाटायचं, जावं." तिनं हाताची माती पदराला पुसली. "मग वाटायचं, तुम्ही असाल तिथं."

हे ऐकायला मी दोन तास भाषण रचत गेलो होतो, बाई. नऊ वर्षं मंगलच्या त्या तिसऱ्या खुर्चीवर मी माझं जाकीट ठेवत होतो.

निघताना ती म्हणाली, "थांबा, आधी पाय धुवा." मी खाली पाहिलं. बूट, मोजे, पॅन्ट, घोट्याच्या वरपर्यंत चिखल.  आम्ही दोघंही त्याच प्रवेशात उभे होतो. मी पाय न धुताच निघालो. कंडक्टरनं तोंड वाकडं केलं, शेजारचा माणूस उठून पुढे जाऊन बसला. मी नासिकपर्यंत एकटा त्या बाकावर बसून आलो.

पुढच्या रविवारी मंगल येणार आहे. पुस्तकं तिच्या शाळेला द्यायची असं शुभदाताईंनी ठरवलंय, किल्ली घेऊन त्या येतील. मला वाटतं मंगल मला क्षमा केल्यासारखं काही बोलणार नाही, आणि ते बरंच आहे. खोकी उचलायला माणूस लागेल एवढंच म्हणाली.

काल जिन्यावर मी बराच वेळ बसलो. मंगलचं म्हणणं खरं होतं, राजाला कळलेलं असतं. पण तुमचंही खरं होतं, आणि ते मी दर वर्षी हसून उडवलं. तुम्ही त्या अंथरुणावरून मला शेवटची संधी दिलीत. मी तरीही संवादच म्हटला. तुम्ही कूस बदललीत, तेव्हा चेहरा भिंतीकडे होता. तो कसा होता, ती पानं हरवली.

स्वाध्याय देतोय, बाई. कुणी समोर नाही, टाळ्या नाहीत, आणि नाव तुमच्या रीतीप्रमाणे शेवटी. तो दयाळू नव्हता. राजाला तो घाबरला नव्हता, आपण काय केलंय ते कुणाला कळेल याला घाबरला होता. त्या द्वारपालाचं नाव विलास.